खुर्चीत बसून लिहा: नव्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या वास्तूची समीक्षा कशी करावी

सप्टेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, ईस्ट नदीच्या काठावर हंटर्स पॉइंट ग्रंथालय उघडलं. वास्तुविशारद होते स्टीव्हन हॉल. काँक्रीटचा उभा ठोकळा, त्यात कोरून काढल्यासारख्या मोठाल्या खिडक्या, आत पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी पुस्तकांची मांडणी आणि चढताना समोर दिसणारं नदीपलीकडचं मॅनहॅटन. परीक्षणांमधून तोंडभरून कौतुक झालं. मग वाचक आले. कथा-कादंबऱ्यांची कपाटं ज्या तीन टप्प्यांवर लावली होती, तिथे पोचायला फक्त जिना होता. इमारतीत लिफ्ट होती, पण ती त्या टप्प्यांवर थांबत नव्हती. व्हीलचेअरवरून आलेल्या माणसाला कादंबऱ्या चाळायच्या असतील, तर त्याची सोयच नव्हती. नोव्हेंबरमध्ये प्रकरण कोर्टात गेलं.

त्या इमारतीत कौतुक करण्यासारखं बरंच काही आहे. उजेड सुंदर आहे, आणि शहराने वाचकांना नदीकाठची इतकी मोक्याची जागा दिली हेही थोडंथोडकं नाही. पण कौतुक करणाऱ्यांच्या नजरेतून तो जिना निसटला. त्या पायऱ्यांशी उभं राहून ‘इथून वर कोण जाऊ शकणार नाही?’ एवढा एक प्रश्न विचारला असता, तरी तो दिसला असता.

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. विशी-पंचविशीतल्या, लिहायची हौस असलेल्या आणि ग्रंथालयात रोज जाणाऱ्या मुलामुलींनी या इमारतींवर लिहावं असं मला मनापासून वाटतं. वास्तुशास्त्राची पदवी नाही म्हणून कचरू नका. अभ्यासिकेत सकाळी जागा धरून दिवे मालवेपर्यंत बसणारे तुम्हीच असता. कुठल्या खुर्चीत पाठ दुखते, कुठल्या टेबलाजवळ प्लग चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक असतं. ती माहिती तुमच्या हातात आहे. ती कशी तपासायची आणि कशी मांडायची, तेवढं शिकावं लागतं.

आधी इमारत निवडा

जिथे किमान तीनदा जाता येईल असंच ग्रंथालय घ्या. फोटो बघून समीक्षा लिहू नका. चीनमधल्या तिआनजिन बिनहाई ग्रंथालयाची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. डच कंपनी एमव्हीआरडीव्हीने केलेली ही इमारत २०१७ मध्ये उघडली, आणि मधला पांढरा गोल व त्याच्याभोवती लाटांसारखी छतापर्यंत गेलेली कपाटं जगभर फिरली. प्रत्यक्षात वरच्या कपाटांत पुस्तकं नव्हती. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर पुस्तकांच्या कण्यांची चित्रं छापून लावली होती. मूळ आराखड्यात त्या कपाटांपर्यंत मागच्या खोल्यांमधून पोचायची सोय होती, बांधकामाच्या घाईत ती गळली. हा निर्णय स्थानिक पातळीवर, आमच्या सल्ल्याविरुद्ध झाला, असं वास्तुविशारदांनी स्वतःच सांगितलं. म्हणजे फोटोने दोनदा फसवलं असतं: एकदा पुस्तकांबाबत, आणि पुस्तकं नाहीत हे कळल्यावर दोष कुणाला द्यायचा याबाबत.

जाण्याआधी: इमारतीने काय कबूल केलं होतं?

प्रत्येक सार्वजनिक इमारत काहीतरी शब्द देऊन उभी राहते. तो शब्द शोधा. स्पर्धा झाली असेल तर तिची अपेक्षापत्रिका, वास्तुविशारदांचं निवेदन, मंजूर झालेला खर्च, एकूण क्षेत्रफळ, किती वाचक धरले होते, आठवड्याला किती तास उघडं राहणार होतं, हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाचे कागद बहुतेक ठिकाणी मागता येतात.

हे का करायचं? हेलसिंकीचं ओडी ग्रंथालय घ्या. एएलए आर्किटेक्ट्सचं हे काम ५ डिसेंबर २०१८ रोजी उघडलं. क्षेत्रफळ साधारण १७,२५० चौरस मीटर, आणि त्यात पुस्तकं सुमारे एक लाख, तीही मुख्यतः सगळ्यात वरच्या मजल्यावर. मधल्या मजल्यावर शिलाई यंत्रं, थ्रीडी प्रिंटर, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या. ‘एवढी मोठी इमारत आणि पुस्तकं एवढीच?’ ही पहिली प्रतिक्रिया स्वाभाविक आहे. पण नागरिकांना पैसे न टाकता बसायला, काही करायला जागा द्यायची, हेच तिथे कबूल केलं होतं. तेव्हा आधी त्या शब्दाला ती जागली का ते बघा, आणि मग हवं तर तो शब्दच चुकीचा होता असं म्हणा. या दोन वेगळ्या टीका आहेत. नव्या समीक्षकांच्या लेखात त्यांची गल्लत सर्रास दिसते.

तुमची स्वतःचीही एक मोजपट्टी हवी. माझी मोजपट्टी जुनी आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली: पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. ही सूत्रं ग्रंथपालांसाठी लिहिली असली तरी भिंती, जिने आणि कपाटांनाही ती चपखल लागू होतात.

सिॲटलच्या मध्यवर्ती ग्रंथालयावर ती लावून बघा. रेम कूलहास यांच्या ओएमएने एलएमएन या कंपनीबरोबर केलेली ही अकरा मजली इमारत २००४ मध्ये उघडली. तिची सगळ्यात हुशार कल्पना म्हणजे पुस्तकांचा सर्पिल उतार. ड्युई वर्गीकरणातले, म्हणजे विषयानुसार पुस्तकांना क्रमांक द्यायच्या पद्धतीतले, ००० ते ९९९ हे आकडे चार मजल्यांवरून सलग, न तुटता चढत जातात. नेहमीच्या ग्रंथालयात एखादा विषय फुगला की त्याची निम्मी पुस्तकं दुसऱ्या मजल्यावर जातात आणि मग ती शोधत हिंडावं लागतं. इथे उतारावर सगळं थोडं पुढे सरकतं, बस. पाचव्या सूत्राला इतकं नेमकं उत्तर क्वचितच कुणी बांधून दिलं असेल. पण चौथ्या सूत्राचं काय? कुठला सरकता जिना कुठे नेतो, खाली यायचं कुठून, यात वाचकांचा गोंधळ उडू लागला. इमारतीचं आधी कौतुक केलेल्या एका स्थानिक समीक्षकाने २००७ मध्ये परत जाऊन तिथल्या गैरसोयींवर लिहिलं आणि आपलं आधीचं मत बदललं. त्याबद्दल मला फार आदर वाटतो. एकाच इमारतीत एक सूत्र उजळून निघतं आणि दुसरं मार खातं. समीक्षा लिहायला यापेक्षा चांगली जागा नाही.

पहिली भेट: काही न लिहिता दोन तास बसा

कॅमेरा पिशवीत ठेवा. एखादं पुस्तक घ्या, खुर्ची निवडा आणि खरंच वाचा. इमारत चांगली असेल तर ती तुम्हाला काही वेळाने विसरायला लावते. वाचनातून मान ज्या ज्या वेळी वर झाली, ती वेळ आणि कारण फक्त समासात टिपा.

एकदा मी एका नव्या ग्रंथालयात पश्चिमेच्या काचभिंतीजवळ बसले होते. उद्घाटनाच्या पुस्तिकेत त्याच भिंतीचं वर्णन होतं: प्रकाशाने न्हालेलं वाचनदालन. तीन वाजेपर्यंत ते अगदी खरं होतं. साडेतीनच्या सुमाराला उन्हाचा पट्टा पहिल्या टेबलावर आला. तिथल्या मुलीने आधी लॅपटॉपचा पडदा तिरपा केला, मग दप्तर उभं करून आडोसा केला, मग सामान गोळा करून ती दुसऱ्या रांगेत गेली. पट्टा तिच्या मागोमाग. चारच्या आसपास काचेजवळच्या बारा खुर्च्या रिकाम्या होत्या आणि आतल्या रांगेत माणसं कोपराला कोपर लावून बसली होती. एक आजोबा तेवढे हलले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्र उलगडून चेहऱ्यासमोर धरलं होतं आणि ते वाचत नव्हते. माझ्या वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे: ‘४.०५, बारा रिकाम्या.’ पुढचा सगळा लेख त्या ओळीतून निघाला.

दुसरी भेट: आता मोजा

या भेटीला टेप, घड्याळ, फोन आणि बरोबर एखादा मित्र किंवा मैत्रीण घेऊन जा.

*उजेड.* वाचायच्या टेबलावर साधारण ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आणि कपाटाच्या उभ्या बाजूवर २०० लक्स असावेत, असं युरोपातलं मानक सांगतं. फोनवरच्या मोफत ॲपचा आकडा काटेकोर नसतो, पण दोन टेबलांमधला फरक त्यातून कळतो. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे कपाटाच्या तळाच्या फळीवरच्या पुस्तकाचं नाव आणि क्रमांक उभ्याने वाचता येतो का? दिवे टेबलांच्या वर छान लावलेले असतात, कपाटांच्या ओळींना आडवे जातात आणि खालच्या फळ्या अंधारात राहतात, हा दोष मी नव्या इमारतींत वारंवार पाहिला आहे. आणि उजेड भरपूर असणं पुरेसं नाही, तो पानावर कसा पडतो ते बघा. फिनलंडचे वास्तुविशारद आल्वार आल्टो यांनी १९३५ साली पुऱ्या झालेल्या व्हीपुरीच्या (तेव्हा फिनलंडमधलं, आता रशियातलं शहर) ग्रंथालयात वाचनदालनाच्या छताला ५७ गोल झरोके ठेवले. ते इतके खोल आहेत की ऊन थेट पानावर येत नाही, आणि उजेड अनेक बाजूंनी येत असल्याने हाताची सावलीही पडत नाही. इतक्या वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आज मोठ्या काचेने पुन्हा निर्माण केला असेल, तर तसं लिहा.

*आवाज.* रिकाम्या वेळी, परवानगी घेऊन, मधल्या उंच दालनात एक टाळी वाजवा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते ऐका. मग गर्दीच्या वेळी सगळ्यात वरच्या मजल्यावर जाऊन बसा. तळमजल्यावरच्या मुलांच्या विभागातलं हसणं तिथे ऐकू येतं का? मुलांना हसू द्यायचंच आहे. तक्रार त्यांच्याबद्दल नाही. दोन्ही विभाग एकाच उघड्या पोकळीला जोडले, ही निवड आराखड्याची आहे.

*पुस्तकाचा माग.* ही परीक्षा माझी सगळ्यात आवडती. तीन पुस्तकं ठरवा: एक कादंबरी, एक संदर्भग्रंथ, एक लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक. दारातून सुरू करा, कुणालाही न विचारता फक्त पाट्यांवरून जा. किती मिनिटं लागली, किती वेळा चुकलात, कुठे मागे फिरलात, ते लिहा. मग तीच पुस्तकं घेऊन देवघेव काउंटरपर्यंत या. मैत्रिणीला वेगळ्या वेळी हेच करायला लावा. तिचे आणि तुमचे चुकायचे कोपरे सारखे निघाले, तर दोष तुमच्या दिशाज्ञानाचा नाही.

*कोण पोचू शकत नाही?* एक तास व्हीलचेअर उसनी घेऊन फिरू नका. त्यातून अनुभव येतो तो तुमचा, रोज वापरणाऱ्याचा नाही. जे रोज चाकांवर येतात, काठी घेऊन येतात, ज्यांना दिसत नाही, बाबागाडी ढकलत येतात, त्यांना विचारा आणि त्यांची तयारी असेल तर त्यांच्याबरोबर फिरा. तुम्ही टेप लावून एवढं तपासा: उताराचं प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र नाही ना, दोन कपाटांमध्ये निदान ९० सेंटिमीटर मोकळे आहेत ना, आणि वळायला दीड मीटरचं वर्तुळ बसतं ना. मुख्य दार सगळ्यांना एकच आहे, की काहींना इमारतीला वळसा घालून मागून यावं लागतं, हेही लिहा.

स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, प्लग, छत्री ठेवायची जागा यांची नोंद एका ओळीत होते, पण ती गाळू नका.

आराखडा वाचायला शिका

प्लॅन मिळाला तर त्याच्या प्रतीवर चार रंग भरा: पुस्तकांची जागा, बसायची जागा, कर्मचाऱ्यांची जागा आणि उरलेली म्हणजे जिने, व्हरांडे, मोकळं दालन. कुठला रंग किती पसरला आहे ते पाहूनच निम्मं परीक्षण सुचतं. प्लॅन मिळाला नाही तर पावलं मोजून स्वतः काढा. वाकडातिकडा आला तरी चालेल.

छेद, म्हणजे इमारत मधोमध कापल्यासारखं चित्र, मिळालं तर त्यात पोकळी बघा. उंच मोकळं दालन कधी सगळ्यांना एकमेकांचं दर्शन घडवतं, तर कधी नुसती वातानुकूलनाची हवा खातं.

‘ही जागा लवचीक आहे, उद्या कपाटं कुठेही हलवता येतील’ असं वाक्य निवेदनात आलं, तर एक प्रश्न जरूर विचारा: जमीन किती वजनासाठी बांधली आहे? पुस्तकं फार जड असतात. अमेरिकेतल्या बांधकाम संहितेत वाचनदालनाच्या जमिनीवर दर चौरस फुटाला ६० पौंड भार धरतात, पुस्तकांच्या कपाटांखाली १५० पौंड, म्हणजे अडीच पट. सगळी जमीन कपाटांच्या हिशेबाने बांधली नसेल, तर कपाटं कुठेही हलवता येणार नाहीत. अभियंत्यांना हा प्रश्न विचारणारे फार थोडे असतात, आणि ते आनंदाने उत्तर देतात.

माणसांशी बोला

ग्रंथपालांशी बोलाच, पण पुस्तकं जागेवर लावणाऱ्या मदतनीसाशी, सफाई करणाऱ्या बाईंशी आणि दारावरच्या रखवालदाराशी त्याहून जास्त बोला. परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी कुठल्या उंबऱ्याला अडते? मोठा पाऊस झाला की बादली कुठे ठेवता? ती वरची काच कशी पुसता? ‘इमारत आवडते का?’ असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात. ‘काल काय काय केलंत?’ असं विचारा. आणि त्यांचं नाव छापायच्या आधी दोनदा विचार करा, वरिष्ठांबद्दल बोललेल्या माणसाची नोकरी तुमच्या लेखापेक्षा महत्त्वाची आहे.

इथेच दोष वेगवेगळे करायला शिकता. दिवा बंद आहे तो देखभालीचा दोष. दिवा बदलायला परांची बांधावी लागते, तो रचनेचा. तास कमी केले, तो कारभाराचा. बर्मिंगहॅमचं ग्रंथालय मेकानू या डच कंपनीने केलं, सुमारे १८ कोटी ८८ लाख पौंड खर्चून ते २०१३ मध्ये उघडलं, आणि २०१५ मध्ये पैशांअभावी त्याची आठवड्याची वेळ ७३ तासांवरून ४० वर आली. वास्तुविशारदाचा यात काही दोष नाही. तरीही समीक्षेत हे आलं पाहिजे. बंद दारामागे दालन कितीही देखणं असलं, तरी वाचकाला ते मिळत नाही.

आता लिहा

‘भव्य’, ‘नेत्रदीपक’, ‘जागतिक दर्जाचं’, ‘आधुनिकतेचा आविष्कार’ हे शब्द पहिल्या मसुद्यातून सरळ काढून टाका. ते काढल्यावर वाक्यात काहीच उरलं नाही, तर तिथे सांगायला काही नव्हतंच.

एक उदाहरण. पहिला मसुदा: ‘भव्य काचभिंतीमुळे वाचनदालन प्रकाशमान झाले असले तरी उन्हाचा काहीसा त्रास जाणवतो.’ दुसरा मसुदा: ‘काचभिंतीजवळच्या बारा खुर्च्या दुपारी चारला रिकाम्या होतात. भिंत पश्चिमेला आहे, बाहेर छज्जा नाही, आत पडदा नाही.’ दुसऱ्यात ‘त्रास’ हा शब्दसुद्धा नाही, पण तक्रार जास्त ठाम आहे, कारण वाचकाला खुर्च्या दिसतात आणि कारणही कळतं. प्रत्येक दोषाला हे दोन्ही द्या: काय घडतं आणि कशामुळे घडतं.

स्तुतीलाही हाच नियम लावा. खरं तर स्तुती लिहिणं जास्त अवघड आहे. चांगला जिना का चांगला आहे? पायरीची उंची कमी आहे म्हणून? मधल्या टप्प्यावर दोघांनी थांबून बोलावं इतकी जागा आहे म्हणून? कठडा हाताला गार लागत नाही म्हणून? शोधून काढा. ज्यांनी ती गोष्ट नीट केली त्यांना ती कुणाच्या तरी लक्षात आली हे कळलं पाहिजे.

छापण्याआधी तुमचे तीन-चार गंभीर आक्षेप वास्तुविशारदांना आणि ग्रंथालयाला लेखी पाठवा, आठवडाभर वाट बघा आणि त्यांचं उत्तर लेखात द्या. उत्तराने आक्षेप खोडला गेला तर तो काढा. आकडे पुन्हा तपासा. वाचकांचे चेहरे त्यांना न विचारता फोटोत घेऊ नका.

आणि मग परत जा

तिसरी भेट लेख छापून झाल्यावरची. इमारतीचं खरं रूप कळायला वर्षं लागतात. कोलंबियातल्या मेडेयिनमध्ये डोंगरउतारावर २००७ साली तीन काळ्या शिळांसारखं एस्पान्या ग्रंथालय उभं राहिलं, जगभर नावाजलं गेलं, आणि बांधकामातल्या दोषांमुळे २०१५ मध्ये बंद करावं लागलं. उलट जपानमधलं सेंदाई मीडियाथेक. तोयो इतो यांनी सात मजले तेरा पोलादी जाळीदार नळ्यांवर तोलले, २००१ मध्ये ते उघडलं, तेव्हा त्या नळ्या अनेकांना समुद्रातल्या शेवाळासारख्या नाजूक वाटल्या. मार्च २०११ च्या महाभूकंपात वरच्या मजल्याचं छत काही ठिकाणी कोसळलं, पण नळ्या डोलल्या आणि इमारत उभी राहिली. मे महिन्यात तिचा काही भाग पुन्हा उघडलाही. यातलं काहीच उद्घाटनाच्या आठवड्यात लिहिता आलं नसतं.

म्हणून छापलेल्या लेखाची प्रत घ्या, वर्षभराने त्याच ऋतूत, त्याच वेळी, त्याच खुर्चीत बसा. जे बदललं ते मूळ लेखाखाली तारीख घालून लिहा. चुकलात तिथे चुकलो असं स्पष्ट लिहा.

मी त्या पश्चिमेच्या भिंतीशी वर्षाने परत गेले. पडदे लावले नव्हते. पण कुणीतरी पहिली दोन टेबलं काटकोनात फिरवली होती, ऊन आता बसणाऱ्याच्या पाठीवर येत होतं. काउंटरवर विचारलं तेव्हा कळलं, ती वाचकांनीच एका दुपारी फिरवली आणि मग कुणी परत लावली नाहीत. चार वाजून पाच मिनिटांनी मी खुर्च्या मोजल्या. रिकाम्या चार होत्या.